अनुज म्हणजे मोठा भाऊ

बाबांच्या बशीतला चहाचा शेवटचा घोट माझा असायचा. शाळा सुटून घरी आले की ते घरापुढच्या छपरीत भिंतीला टेकून बसत, माय पितळी पेल्यात चहा आणून ठेवी, बाबा तो थोडा थोडा बशीत ओतून, फुंकर मारून पीत आणि तळाशी घोटभर उरला की काही न बोलता बशी उजव्या हाताला सरकवत. उजव्या हाताला मी बसलेली असे. माझ्याआधी मायला झालेली दोन मुलं जगली नव्हती आणि माझ्यानंतर कोणी झालं नाही. त्यामुळं त्या घरात जे जे एकाच माणसाला मिळण्यासारखं होतं ते मला मिळायचं. बशीतला घोट, भाताच्या गंजाच्या तळाची खरपूस खरवड, बाजारातून आलेला मुरमुऱ्यांचा पुडा सोडण्याचा मान. हे माझं आहे, असं मी कधी मनात म्हटलंसुद्धा नव्हतं. दुसरं कुणी मागायलाच नसलं की म्हणावं लागत नाही.

साकोलीकडच्या एकोडीहून पुढं तासभर चालत गेलं की आमचं गाव लागायचं. चारी बाजूंनी धानाच्या बांध्या म्हणजे भातखाचरं, एका अंगाला तलाव आणि तलावाच्या पाळीला लागून शाळा, सातवीपर्यंतची. बाबा तिथं मराठी शिकवत. सकाळी माझी झोप मोडायची ती शेजारच्या घरातल्या ढेकीच्या आवाजानं. बाई पाय देऊन ढेकी दाबायची आणि धानावर तिचं लाकडी तोंड धप्प करून आपटायचं. थंडीच्या दिवसांत माय लाखोळीची डाळ शिजवायची, तलावातले झिंगे वांग्यात टाकायची, आणि वरून बारीक चिरलेला सांबार. इकडं भंडाऱ्यात राहायला येऊन मला इतकी वर्षं झाली, तरी भाजीवालीकडं मी अजून सांबारच मागते, कोथिंबीर म्हणत नाही.

बाबांचा सगळा भरवसा शब्दांवर होता. ते म्हणत, "कुंदा, परीक्षेत धडा येईल तो वाचलेला असतो. पण उतारा येईल तो कोणीच वाचलेला नसतो. तिथं ज्याच्यापाशी शब्द, तोच तरतो." म्हणून त्यांनी मला शब्दार्थांची वही करायला लावली होती. डावीकडं शब्द, उजवीकडं अर्थ, मध्ये लाल शाईची रेघ. दुसरी वही भरत आली होती. गावातलं कोणी पत्र वाचून घ्यायला आलं की बाबा मध्येच मला हाक मारत. "कुंदा, कृतघ्न म्हणजे?" मी आतून ओरडून सांगायची, "केलेले उपकार विसरणारा." आलेला माणूस म्हणायचा, "पोरगी लय हुशार आहे जी, गुरुजी." बाबा मग पत्राकडं बघत राहायचे, पण त्यांचे कान लाल झालेले मला दारातून दिसायचे.

मी सातवीत गेले त्या वर्षी माझी आतेबहीण वनमाला, सगळ्यांची वनी, आमच्याकडं राहायला आली. तिचं गाव बपेरा, तुमसरच्याही पुढं, मध्य प्रदेशच्या हद्दीला टेकलेलं. आत्याला कावीळ झाली होती आणि ती खाटेवरून उठत नव्हती. तिचे यजमान, माझे फुफाजी, मँगनीजच्या खाणीवर कामाला जायचे. घरी पोरीकडं बघायला कोणी नव्हतं. बाबा स्वतः जाऊन तिला घेऊन आले. पत्र्याची एक पेटी, तेलानं चपचपलेल्या दोन वेण्यांची जाड केसांची पोर. माझ्याच वयाची, माझ्याहून उंच. आल्या आल्या मायला म्हणाली, "मामी, पानी दे न, गला सूख गया." तिच्या आजीची बोली हिंदी, शेजारपाजारची आणखी वेगळी, शाळा तेवढी मराठी. तिच्या तोंडात सगळ्याची मिसळ झाली होती. आमच्या वर्गातली पोरं तिला दोन दिवसांत 'हिंदीवाली' म्हणू लागली.

मीही हसायची. पण मी तिच्याशी वाईट वागत नव्हते, उलट त्या पहिल्या आठवड्यात मी फार चांगली होते. माझा एक फ्रॉक तिला दिला. बाकावर माझ्या शेजारी बसवलं. तिच्या चुकीच्या मराठीवर कोणी हसलं की मी त्याला दटावायची आणि मग तिला बरोबर शब्द सांगायची. आपण कुणाहून तरी वरचढ आहोत हे पक्कं ठाऊक असलं की चांगलं वागणं किती सोपं असतं, हे मला पुढं शिक्षिका झाल्यावर माझ्या वर्गातल्या पोरींकडं बघून कळलं.

त्या रविवारी दुपारी बाबा आम्हां दोघींना घेऊन छपरीत बसले. त्यांनी कुठल्याशा जुन्या पुस्तकातला उतारा काढला होता. एक गाडीवान पुराच्या वेळी रात्रभर नदीकाठी अडकतो, अशी काही गोष्ट होती. मी घडाघडा वाचलं. एका वाक्याशी बाबांनी थांबवलं. 'पूल शाबूत आहे हे कळल्यावर गाडीवान निर्धास्त झाला व बैलांना वैरण टाकून झाडाखाली झोपी गेला.'

"निर्धास्त म्हणजे?"

माझ्या वहीत तो शब्द नव्हता. पहिल्या वहीतही नव्हता, दुसऱ्या वहीतही. मी म्हटलं, "हा अजून आला नाही."

बाबांनी सहज तिच्याकडं बघितलं. वनी खाली पुस्तकात पाहत होती. तिनं त्या शब्दावर अंगठा ठेवला होता. ओठ हलत होते. मग म्हणाली, "त्याचं भेव गेलं जी, मामाजी."

"तुला माहीत होता हा शब्द?"

"नाही जी. पण तो झोपला न. भेव असतं तं झोपला असता का? रातभर बिचारा जागाच होता. पूल चांगला आहे म्हणून समजलं, मंग झोपला. तं मधात जो शब्द आहे तो भेव गेल्याचाच असन."

"आणि अंगठा कशाला ठेवलास?"

ती लाजली. "नाही समजला तं त्याच्यावर अंगठा ठेवतो मी. मंग मागचं वाचतो, पुढचं वाचतो. अंगठ्याखाली काय बसन ते समजते. आमच्या तिकडं सगळेच अलग अलग बोलतेत जी, सगळ्याइचं सगळं कोणाले समजते?"

बाबांनी पुस्तकाचं पान उलटलं. मग त्यांनी तिला आणखी एक शब्द विचारला, आणखी एक. दोन बरोबर निघाले, एक थोडक्यात हुकला, आणि तो कसा हुकला यावर ते दोघं इतकं बोलत बसले की आतून मायनं चहा आणून ठेवला तरी बाबांचं लक्ष गेलं नाही. मी तिथंच बसलेली होते. शेवटी बाबांनी चहा प्याला, बोलता बोलताच, आणि बशी सरकवली. वनी त्यांच्या डावीकडं होती. बशी डावीकडं गेली. त्यांना ते कळलंसुद्धा नाही. वनीनं बशी उचलली, माझ्याकडं पाहिलं, अर्धा घोट घेतला आणि उरलेला माझ्यापुढं केला. "घे न कुंदे." मी म्हटलं, "मला नको."

मत्सराबद्दल लोक बोलतात तेव्हा आग, जळणं, असले शब्द वापरतात. मला तसं काही झालं नाही. मला गार वाटलं. पोटात काहीतरी गार बसलं आणि ते पुढचे कितीतरी महिने तिथंच राहिलं. मी मोजू लागले. माय तिचे केस विंचरताना किती वेळ लावते आणि माझे किती. खरवड दोन तुकड्यांत कशी मोडली जाते आणि मोठा तुकडा कुणाच्या ताटात पडतो. बाबा घरात शिरताना आधी कुणाचं नाव घेतात. पत्र वाचून घ्यायला माणसं यायचीच, पण आता बाबा हाक मारत, "वनी, इकडं ये बेटा. यांना दाखव, अर्थ माहीत नसलेला शब्द कसा ओळखतात ते." माणसं तेच म्हणायची, "पोरगी लय हुशार आहे जी." बाबांचे कान तसेच लाल व्हायचे. मला वाटायचं, कानाला तरी कळायला हवं होतं कोणती पोरगी कुणाची ते.

हे सगळं नुसतं लाडाचं असतं तर कदाचित निवलंही असतं. पण त्या वर्षी सातवीची शिष्यवृत्तीची परीक्षा होती. ती मिळाली तर भंडाऱ्याला मुलींच्या वसतिगृहात राहून पुढं शिकता येणार होतं. नाही मिळाली तर आमच्या गावच्या मुलींची शाळा सातवीला संपत असे, आणि बपेऱ्याच्या मुलींचीही. आमचे मुख्याध्यापक, ज्यांना सगळे मोठे गुरुजी म्हणत, ते शाळेतून एकच नाव पाठवत. ज्याला पाठवायचं त्याच्यावर सगळी मेहनत घ्यायची, असा त्यांचा शिरस्ता. त्या वर्षी बाबांच्याच घरातल्या दोघी पुढं होत्या, म्हणून बाबा मोठ्या गुरुजींना म्हणाले, "निवड तुम्हीच करा. उतारा तुमचा, तपासणी तुमची. मी मध्ये येणार नाही." दिवाळीनंतर चाचणी घ्यायची ठरली.

त्याच सुमारास वनी मला शब्दांचे अर्थ विचारू लागली. मी ओट्यावर धान निवडत बसलेली असायची, ती हळूच येऊन शेजारी बसायची. "कुंदे, ओशाळला म्हणजे काय होते?" मला तो शब्द चांगला ठाऊक होता. मी म्हटलं, "रागावला." ती मान हलवून "हो का?" म्हणाली आणि बसून राहिली. दुसऱ्या दिवशी, "अगत्यानं म्हणजे?" मी म्हटलं, "घाईघाईनं." ती परत बसून राहिली. विषण्ण म्हणजे मी वेडा सांगितलं. पहिल्या वेळी तोंडून पटकन गेलं होतं, खरंच सांगते. दुसऱ्या वेळी पटकन गेलं नव्हतं. तिसऱ्या वेळी तर तिनं विचारायच्या आधीच मी काय सांगायचं ते ठरवून बसले होते.

आश्चर्य हे की वर्गात ते शब्द आले की वनी बरोबर अर्थ लिहायची. ओशाळला, म्हणजे शरमला. अगत्यानं, म्हणजे मायेनं, आग्रहानं. मला वाटलं, ही माझी वही चोरून बघते. मी वही उचलून धानाच्या कोठीमागं लपवली. तरी तिचं बरोबरच. आणि तरी ती रोज येऊन विचारायचीच. मला तिचा राग यायचा, माझी खोटी उत्तरं मातीत पाणी मुरावं तशी कुठं मुरतात ते कळत नव्हतं म्हणून आणखीच राग यायचा.

एकदा घरी लग्नाची पत्रिका आली होती. तिच्यात निमंत्रकांच्या नावांत कुणाच्या तरी नावापुढं 'यांचे अनुज' असं छापलं होतं. वनी पत्रिका घेऊन माझ्याकडं आली. "कुंदे, अनुज म्हणजे?" तिनं त्यावर अंगठा ठेवला होता, पण पत्रिकेत नुसती नावं, मागंही नाव, पुढंही नाव. अनुज म्हणजे धाकटा भाऊ. मोठ्या गुरुजींच्या तोंडी हा शब्द नेहमी असायचा, त्यांच्याकडूनच मी तो वहीत घेतला होता. मी म्हटलं, "अनुज म्हणजे मोठा भाऊ."

"अनुज म्हणजे मोठा भाऊ," ती पुटपुटली. दोनदा. पाठ करतात तसं.

आता अनुज नावाची मुलं गल्लीगल्लीत आहेत. आमच्या खालच्या घरात एक आहे, सहा वर्षांचा. त्याची आई त्याला जोरात हाक मारते तेव्हा मी हातातलं काम थांबवते. घरच्यांना वाटतं, मला ऐकू कमी येतं म्हणून मी कान देते.

चाचणीच्या दिवशी मोठ्या गुरुजींनी उतारा कागदावर लिहून दिला. माधव आणि त्याचा अनुज केशव. दोघं भाऊ तलावाची पाळ फुटू नये म्हणून पावसात माती टाकत राहतात. एक थकतो, दुसरा त्याला घरी पाठवून एकटाच थांबतो. त्यात बाबांनीही कधी उच्चारले नसतील असे शब्द होते. मला चार-पाच अडले आणि अडले तिथं मी बसूनच राहिले. खाली प्रश्न होते. त्यांतला एक, 'दोघांपैकी वयाने लहान कोण?' आणि एक, 'थोरल्या भावाने धाकट्याला काय सांगितले?' मी ते दोन प्रश्न वाचले आणि मान वर करून पाहिलं. समोरच्या रांगेत वनीचा अंगठा कागदावरून फिरत होता. उताऱ्यात मोठा कोण, धाकटा कोण, हे त्या एका शब्दावाचून कुठंच आलेलं नव्हतं. मी तेव्हा उठून काही म्हणू शकले असते. पाणी प्यायचं निमित्त करून तिच्या बाकाजवळून जाऊ शकले असते. मी माझं उत्तर लिहिलं. केशव.

दुसऱ्या दिवशी मोठ्या गुरुजींनी वर्गात दोन्ही पेपर हातात घेतले. वनीचं अवघड अवघड सगळं बरोबर होतं. चूक फक्त त्या दोन प्रश्नांत. माझं इकडंतिकडं बरंच चुकलं होतं, पण ते दोन बरोबर होते, आणि गुण धरले तर मी तिच्याहून एका गुणानं पुढं. "अनुज म्हणजे धाकटा भाऊ," मोठे गुरुजी म्हणाले. "एवढा सोपा शब्द कसा चुकला पोरी?" बाबा दारात उभे होते. ते आत आले नाहीत, तिथूनच त्यांनी विचारलं, "वनी, तुला हा अर्थ कोणी सांगितला?"

मी बाकाच्या लाकडावरच्या रेघा बघत होते. वनीनं माझ्याकडं पाहिलं नाही, एवढं मला कळलं, कारण तिचा आवाज सरळ समोर गेला. "कोणी नाही जी, मामाजी. अंदाजानं लिवलं."

"अंदाज असाच दगा देतो," मोठे गुरुजी म्हणाले आणि माझं नाव लिहून घेतलं.

त्या दिवशी संध्याकाळी बाबांनी चहाची बशी माझ्याकडं सरकवली. मुद्दाम, बघून. मला जे हवं होतं ते सगळं परत आलं होतं. मी तो घोट घेतला. गोड होता. कडू लागला असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण तो गोड होता.

त्यानंतर आठवड्याभरात फुफाजी आले. आत्या आता उठूबसू लागली होती, हाताखाली पोर हवी होती. वनीची पेटी भरून झाली. मायनं तिला वाटेत खायला दशम्या बांधल्या आणि आम्हां दोघींना मागच्या वाडीत पाठवलं, आत्यासाठी वालासारख्या पोपटीच्या शेंगा तोडून आणायला. वेलाच्या अलीकडं मी, पलीकडं ती. बराच वेळ नुसता शेंगा तुटण्याचा आवाज. ती जाणार म्हणून मला मोकळं वाटत होतं आणि त्या मोकळेपणातच माझ्या तोंडून गेलं.

"वने, मी तुले खोटे अर्थ सांगत होती."

"मालूम आहे मले," ती म्हणाली. हात थांबले नाहीत.

"कधीपासून?"

"पयल्याच दिवशी. ओशाळला म्हणजे रागावला सांगतलं न तू. त्या गोष्टीत तो चोरी पकडल्यावर खाली पाहून राहिला होता. रागावलेला मानूस खाली कायले पायन?"

मला वेलामागून तिचा चेहरा दिसत नव्हता. मी विचारलं, "मंग रोज येऊन काहून विचारत होती?"

"तू मायासंग दुसरं काही बोलतच नव्हती न," वनी म्हणाली. "अर्थ विचारला का तेवढं बोलत होती."

मी ओटीत शेंगा धरून उभी राहिले. मला पुढचं विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "अनं अनुज?"

तिनं आणखी एक शेंग तोडली. "त्याच्या मागंपुढं काहीच नव्हतं," ती म्हणाली. "मले वाटलं, एवढे खोटे सांगतले, तं एखादा खरा बी सांगन."

फुफाजींची हाक आली आणि ती गेली. गाडीपर्यंत जायला घेतलेल्या सायकलच्या मागं पेटी बांधलेली, पुढं दांडीवर ती, पाळीवरून जाताना बराच वेळ दिसत होती.

मी तीन दिवस ते पोटात ठेवलं. चौथ्या दिवशी सकाळी बाबा दाढी करत होते. आरसा खुंटीला टांगलेला, एका गालाला साबण. मी मागं उभी राहून सगळं सांगितलं, ओशाळला, अगत्य, विषण्ण, अनुज, वाडीतलं बोलणं, सगळं. आरशात मला त्यांचा अर्धाच चेहरा दिसत होता. त्यांनी उरलेली दाढी केली, वाटी धुतली, वस्तरा पुसून डबीत ठेवला. ओरडले नाहीत, मारलं नाही. म्हणाले, "मोठ्या गुरुजींचा फॉर्म अजून गेला नाही. मी त्यांच्याशी बोलतो. उद्या तू माझ्यासोबत बपेऱ्याला चल." मायनं विचारलं, "तिले कायले नेता?" बाबा म्हणाले, "सांगायचं तिनंच आहे."

साकोली, भंडारा, तुमसर, बपेरा. तीन गाड्या बदलल्या. बाबा वाटेत माझ्याशी बोलले ते फक्त 'उतर' आणि 'चढ'. पोचलो तेव्हा दुपार झाली होती. आत्या अंगणात उन्हात खाटेवर बसली होती, अजून पिवळट दिसत होती. वनी सुपात तांदूळ पाखडत होती. फुफाजी त्या दिवशी घरीच होते. पाणी झालं, चहा झाला, आणि बाबा म्हणाले, "कुंदा, सांग." मी सगळ्यांसमोर परत सांगितलं. या वेळी सांगता सांगता रडले. आत्या माझ्याकडं बघत राहिली, मग म्हणाली, "लहान आहेत दादा पोरी. होते असं."

"होते, पण ते असंच राहू देऊ नये," बाबा म्हणाले. "मोठे गुरुजी नाव बदलायला तयार आहेत. कुंदाच्या जागी वनीचं नाव जाईल. परीक्षेपर्यंत ती आमच्याकडंच राहील. तुझी तब्येत बघून सांग."

"मायं काय, मी करन आता घरचं," आत्या म्हणाली. "हे आहेत. पोर शिकते तं शिकू द्या."

फुफाजींनीही मान हलवली. "घेऊन जा जी. मी दर महिन्याले येऊन पाहून जाईन तिले."

बाबा वनीकडं वळले. "मग? येतेस ना बेटा? तुझंच आहे ते. तू कमावलेलं."

सुपाचा आवाज बंद झाला होता. कोंबडी येऊन सांडलेले दाणे टिपत होती, तिला कोणी हाकलत नव्हतं.

"नाही जी, मामाजी," वनी म्हणाली. "मले माईपाशी रायचं आहे."

बाबांनी समजावलं, आत्यानं रागावून पाहिलं, फुफाजींनी विचारलं, पण ती तेच म्हणत राहिली. आम्ही संध्याकाळच्या गाडीनं तुमसरला आलो आणि तिथं बाबांच्या ओळखीच्या एका गुरुजींकडं राहिलो.

परीक्षेला मीच बसले. उतारा आला तेव्हा मला अडलेल्या शब्दांवर मी अंगठा ठेवला, मागचं वाचलं, पुढचं वाचलं, आणि शिष्यवृत्ती मिळाली. भंडाऱ्याचं वसतिगृह, मग अध्यापिका विद्यालय, मग नोकरी. निवृत्त होईपर्यंत मी पोरींना हेच शिकवलं. परवा नातीच्या पुस्तकात पाहिलं, एक पानभर पाठच आहे त्यावर, 'संदर्भावरून अर्थ ओळखा', रंगीत चौकट करून. ती मला विचारायला आली आणि मी तिला अंगठ्याची युक्ती दाखवली. ती म्हणाली, "आजी, ही कोणाची आयडिया?" मी म्हटलं, "माझ्या बहिणीची."

वनीची शाळा सातवीला सुटली. लग्न होऊन ती करडीला गेली. धानाची शेती, दोन मुलगे, सुना, सगळं व्यवस्थित आहे तिचं. लग्नाकार्यात आम्ही भेटतो. ती मला अजून कुंदेच म्हणते आणि माझ्या ताटात आग्रहानं वाढते. त्या दिवसाबद्दल ती कधी बोलली नाही, मीही काढलं नाही. बाबा जाईपर्यंत म्हणत, "आईच्या मायेपायी पोरीनं शिक्षण सोडलं." मी मान हलवायची. घरात तसंच सांगितलं जातं आणि मीही कितीतरी वर्षं तसंच सांगत आले.

आता मात्र जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते. बाबांनी 'येतेस ना' विचारलं, तेव्हा वनीनं लगेच उत्तर दिलं नव्हतं. तिनं बाबांकडं पाहिलं नाही, आत्याकडंही पाहिलं नाही. तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्या तोंडाकडं पाहिलं, सावकाश, पुरतं. मी कबुली दिली होती, रडले होते, तिला न्यायला इतक्या लांब आले होते. आणि तरी त्या क्षणी मी मनातल्या मनात एकच गोष्ट म्हणत होते, की हिनं नाही म्हणावं. ते माझ्या चेहऱ्यावर किती होतं मला माहीत नाही. तिनं ते पाहिलं. आणि मग ती नाही म्हणाली.